गाडी उचलली, चलन आलं: भरायचं की भांडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला गेलात, मंगल कार्यालयाबाहेर रस्त्याच्या कडेला चारचाकी लावलीत. शेजारी आणखी पाच-सहा गाड्या होत्या, पाटी कुठे दिसली नाही. जेवून आलात तर गाडी गायब. चौकीवर दंड आणि क्रेनचं भाडं भरून सोडवून आणलीत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलंत तेव्हा 'नो पार्किंग'ची पाटी सापडली, पण झाडाच्या फांदीत पूर्ण बुडालेली. त्यात ॲपवर आणखी एक न भरलेलं चलन निघालं, तेही अशा गावातलं जिथे तुम्ही त्या दिवशी फिरकलाच नव्हता. भरलेले पैसे परत मिळतील का, आणि दुसऱ्या चलनाचं काय करायचं, असं तुम्ही विचारताय.

मी अठरा वर्षं वकिली करते आणि त्यातला बराच काळ मोटार वाहन न्यायालयाच्या व्हरांड्यात गेलाय. कडू आधी सांगते. ज्यात तुमची बाजू तुम्हाला जास्त खरी वाटते, त्या पहिल्या चलनात हाती फारसं काही लागणार नाही. दुसरं मात्र घरबसल्या रद्द होऊ शकतं. फरक एवढाच की पहिल्याचे पैसे तुम्ही भरून टाकलेत.

चौकीवर जी रक्कम भरतो तिला आपण दंड म्हणतो, पण दंड करायचा अधिकार न्यायालयाचा. पोलीस घेतात ते तडजोड शुल्क. मोटार वाहन कायद्याचं कलम २०० सांगतं की ठरावीक गुन्ह्यांत अधिकृत अधिकाऱ्याकडे ठरलेली रक्कम भरली की पुढची कारवाई थांबते. म्हणजे तुम्ही भांडण मिटवलंत. मिटवलेलं भांडण न्यायालयात पुन्हा उकरता येत नाही. वर 'आधी भरून टाका, मग तक्रार करा' असा सल्ला शेजारचे काका देतात, आणि माणूस तिथेच फसतो. आधी ठरवायचं, मग खिशात हात घालायचा.

क्रेनने नेलेल्या गाडीच्या बाबतीत हे बोलायला सोपं आहे, हे मला कळतं. गाडी त्यांच्या आवारात, बायको-मुलं रिक्षाच्या शोधात, आणि समोरचा म्हणतोय 'पैसे भरा, गाडी न्या'. अशा वेळी एक वाक्य विचारून बघायचं: "साहेब, क्रेनचं भाडं भरतो, चलन अनपेड ठेवा, मला त्यावर हरकत घ्यायची आहे." मशीनवर चलन पेड किंवा अनपेड असं दोन्ही प्रकारे निघतं, त्यामुळे मागणी अवास्तव नाही. काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी कपाळाला आठ्या घालतात. नाहीच ऐकलं तर भरा, पण त्याच दिवशी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे ईमेल करा की रक्कम हरकत राखून भरली आहे, कारण असं असं. त्याने पैसे परत येतीलच असं नाही, पण तुमचं म्हणणं तारखेसह नोंदलं जातं. गाडीला ओरखडा-पोचा आला असेल, तर नुकसानभरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे. बहुतेक लोक माझ्याकडे येऊन सांगतात, "मॅडम, पाचच मिनिटं लावली होती हो", नाहीतर "सगळ्यांच्याच लावलेल्या होत्या, माझीच उचलली". या दोन्ही वाक्यांना न्यायालयात कवडीची किंमत नाही. पाच मिनिटंसुद्धा गुन्हाच, आणि दुसऱ्याला सोडलं म्हणून तुम्ही सुटत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या जागी पार्किंगला कायद्याने बंदी होती का, आणि ती बंदी गाडी लावणाऱ्याला दिसत होती का?

गाडी उचलण्याचा अधिकार कलम १२७ मधून येतो. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस पडलेली, किंवा जिथे पार्किंगला कायदेशीर मनाई आहे अशा जागी लावलेली गाडी उचलता येते, चाकाला जॅमर लावता येतो. पण त्याला परवानगी द्यायची ती हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने. क्रेनवरची बनियन-जीन्समधली पोरं ठेकेदाराची माणसं असतात. त्यांना स्वतःहून गाडीला हात लावायचा अधिकार नाही. तेव्हा क्रेनवर गणवेशातला पोलीस होता का, हे आधी बघायचं. नसेल, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. आणि परवानगी रीतसर असेल, तर त्याच कलमाप्रमाणे उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी.

मनाई कायदेशीर कधी होते? आपल्याकडे शहरांत वाहतूक उपायुक्त कलम ११५, ११६ आणि ११७ खाली आदेश काढतात की अमुक चौक ते तमुक दुकान, इतके मीटर, नो पार्किंग. हे आदेश वर्तमानपत्रात येतात, त्यांच्या सुरुवातीला गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा हवाला असतो आणि बऱ्याचदा नागरिकांकडून हरकती-सूचनाही मागवलेल्या असतात. म्हणजे पाटीच्या मागे कागद असतो. कागद नसेल तर पाटी ही नुसता पत्रा. बंदी एका महिन्याच्या आतली असेल, गणपती किंवा पालखीच्या दिवसांत असते तशी, तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. मात्र स्थानिक पातळीवर जाहीर करणं तिथेही आवश्यक आहे.

म्हणून दुकानदाराने रंगवून टांगलेल्या 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' या पाटीला कायद्यात काही स्थान नाही. हवा सोडणारा उलट स्वतःच अडचणीत येईल. सोसायट्यांनी रस्त्यावर मांडलेल्या कुंड्या, साखळ्या, सिमेंट भरलेले डबे यांचंही तेच. पण यावरून लगेच बाह्या सरसावू नका. काही जागी पाटी लागतच नाही. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, चौकाचं तोंड, कुणाच्या फाटकासमोर, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर: इथे गाडी लावणं वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनीच मना केलंय. शिवाय इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा स्थितीत गाडी सोडून जाण्याला कलम १२२ आहे, त्यालाही पाटी लागत नाही. तुमची गाडी मंगल कार्यालयाच्या फाटकासमोर होती की पुढे सरळ कडेला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाटकासमोर असेल तर झाडाची फांदी विसरा.

कडेला होती असं धरते. मग झाकलेली पाटी हा चांगला बचाव आहे, पण तो सिद्ध करायचा कसा, यावर सगळं अडतं. नुसता पाटीचा जवळून काढलेला फोटो निरुपयोगी, कारण जवळून सगळ्याच पाट्या दिसतात. तुम्ही जिथून आत शिरलात तिथे, गाडीच्या काचेच्या उंचीवर मोबाइल धरून, चालत्या वेगाने तो सगळा पट्टा एका दमात चित्रित करायचा. मधे न थांबता. त्यात दुकानांची नावं, विजेच्या खांबावरचा नंबर, समोरची इमारत दिसली पाहिजे. मग उलट दिशेने तसंच. नंतर गाडी उभी होती त्या जागेवर उभं राहून चारी बाजूंचे फोटो. माझ्याकडे येणाऱ्या दहातले नऊ जण हे न करता येतात आणि तोवर पाटी सरळ झालेली असते.

याला जोडून माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वाहतूक उपायुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहू नका. तीन गोष्टी मागा: त्या पट्ट्याला नो पार्किंग ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, त्या दिवशी त्या क्रेनवर नेमलेल्या पोलीस कर्मचाऱ्याचा हुद्दा व ड्युटीची नोंद, आणि तुमची गाडी उचलताना काढलेले फोटो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'सदर माहिती या कार्यालयात आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका, तोच तुमचा पुरावा. मी असं एक पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला पक्षकार पाहिलाय, लग्नपत्रिकेसारखं जपलं होतं त्याने.

सम-विषम तारखांच्या पार्किंगचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पी-१ म्हणजे विषम तारखेला, पी-२ म्हणजे सम तारखेला गाडी लावायची बाजू. पुण्यातल्या माणसाला हे सांगायला नको. एकदा ३१ तारखेच्या रात्री मी ॲक्टिव्हा विषमच्या बाजूला लावली. दुसऱ्या दिवशी १ तारीख, म्हणजे पुन्हा विषम, गाडी बरोबर बाजूलाच. पण क्रेनवरच्या पोरांचं गणित साधं होतं: काल इथे होती म्हणजे आज तिथे हवी. उचलली. मी आवारात गेले आणि हवालदारांना फक्त एवढंच विचारलं, "काका, काल किती तारीख होती?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हसले. चलन झालं नाही. उजव्या आरशाची काच मात्र तडकली होती, ती मी माझ्या पैशाने बदलली, कारण गाडी ताब्यात घेण्याआधी आवारातच फोटो काढायचं मला, वकील असून, सुचलं नाही. तुम्ही ही चूक करू नका. किल्ली लावण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारून व्हिडिओ घ्या, बंपर, आरसे, हँडल, खालची बाजू. नुकसान दिसलं तर तिथल्या तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. बाहेर पडल्यावर कुणी विचारत नाही.

गाडीत माणूस बसलेला असताना गाडी उचलायची नसते, हेही ठाऊक असू द्या. २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई बाळाला दूध पाजत गाडीत बसलेली असताना गाडी ओढून नेली होती. चित्रफीत पसरली आणि संबंधित पोलिसाला निलंबित व्हावं लागलं. क्रेन उचलायला लागली आणि तुम्ही पोचलात तर आरडाओरडा न करता 'गाडी हलवतो, चलन करा' म्हणा. क्रेनचं भाडं वाचवता येतं ते याच क्षणी.

आता दुसरं चलन, ज्याने तुमची झोप उडाली आहे. ते खरंच सरकारी आहे ना, हे आधी बघा. 'आरटीओ चलन' नावाची फाइल व्हॉट्सॲपवर येते, उघडली की फोनमधून बँक खातं साफ. मेसेजमधली लिंक दाबू नका. स्वतः महाट्रॅफिक ॲप किंवा ई-चलनाचं अधिकृत संकेतस्थळ उघडून गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाका. तिथे दिसलं तरच ते चलन.

मग फोटो उघडा आणि नीट, मोठा करून बघा. नो पार्किंगची बरीच चलनं कर्मचारी हाताने नंबर टाकून करतात. दिवसभर उन्हात उभ्या माणसाच्या हातून १२ चा १४ होतो, ३८ चं ८३ होतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण पैसे भरण्यातही अर्थ नाही. रंग, मॉडेल, नंबरप्लेट, पाठीमागची काच, स्टिकर, सगळं ताडून बघा. केंद्राने २०२१ मध्ये आणलेला नियम १६७-ए कॅमेऱ्याने केलेल्या चलनाबद्दल स्पष्ट सांगतो की फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही ठळक दिसले पाहिजेत, तारीख, वेळ, जागा असली पाहिजे. नुसता नंबरप्लेटचा जवळून घेतलेला फोटो असेल आणि गाडी रस्त्यावर आहे, वाहनतळात आहे की तुमच्या दारात हेच कळत नसेल, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे. कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि सवडीने चलन टाकायचं, या प्रकारावर राज्यात इतकी ओरड झाली की २०२५ मध्ये वाहतूक विभागाला त्याला लेखी मनाई करावी लागली.

ॲपमध्ये चलनाच्या तक्रारीची सोय आहे. तिथे निबंध लिहू नका, सरकारला शिव्याही घालू नका. वाचणाऱ्याच्या पुढे तशा शेकडो तक्रारी असतात, त्याला तीस सेकंदांत निर्णय घेता आला पाहिजे. गेल्या वर्षी एका पक्षकारासाठी मी लिहिलेला मजकूर असा होता: "चलनाच्या फोटोत पांढरी स्विफ्ट आहे. माझ्या नोंदणी पुस्तकाप्रमाणे माझे वाहन करडी वॅगन-आर आहे. फोटोतील प्लेटचे शेवटचे आकडे ३८ आहेत, चलनावर ८३ पडले आहेत. आरसीची प्रत व माझ्या गाडीचे चार फोटो सोबत. चलन रद्द करून कळवावे, ही विनंती." बस. रद्द झालं. स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

तुमच्या बाबतीत फोटोतली गाडी हुबेहूब तुमच्यासारखी निघाली, नंबरही तोच निघाला, तर प्रकरण गंभीर आहे. कुणीतरी तुमच्या नंबरची प्लेट लावून फिरतंय. तेव्हा पाचशे रुपयांचा विषय सोडा, आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या तीच गाडी अपघातात सापडली तर पोलीस तुमच्या दारात येतील. त्या दिवशी तुम्ही कुठे होता याचा पुरावा म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट सर्वांत चांगलं, मग पेट्रोलची पावती, सोसायटीच्या फाटकावरचं सीसीटीव्ही. हे चित्रीकरण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा सेक्रेटरींना आजच गाठा.

पाचशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरचे म्हणतील. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात वाढीव दर लागू झाल्यापासून नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये आहेत. म्हणजे आजचं चुकीचं चलन मुकाट्याने भरलंत की पुढच्या खऱ्या चुकीला तिप्पट मोजायची तयारी ठेवा.

तक्रार फेटाळली तर न्यायालय. हल्ली बरीच चलनं आधी आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात जातात. आपल्याकडे त्याची सुरुवात ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला झाली. तिथे पडद्यावर दोन पर्याय येतात: दंड भरणे किंवा लढणे. लढणे निवडलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं. तिथे न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? घाबरून 'हो' म्हणणारे खूप. 'कबूल नाही' एवढंच म्हणायचं, मग सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. मात्र दोन-तीन तारखा गृहीत धरा. रोजंदारीवरच्या माणसाला मी हा सल्ला देत नाही, त्याची एक दिवसाची मजुरी दंडापेक्षा जास्त जाते.

लोकअदालतीच्या नोटिशीने लोक हुरळून जातात. तिथे रकमेत सवलत मिळते हे खरं, पण तीही तडजोडच, बरोबर-चूक तिथे ठरत नाही आणि त्या निवाड्यावर अपीलही नाही. ज्यांची चूक आहे त्यांनी जरूर जावं. चूक नसलेल्याने कशाला जायचं?

जुन्या चलनांबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहा महिन्यांच्या आत न्यायालयाने दखल घ्यायला हवी. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मुद्दा खरा आहे, न्यायालयात मांडावा. पण उशीर माफ करायचा अधिकारही न्यायालयाला आहे, आणि चलन संगणकावर तसंच लोंबकळत राहून गाडी विकताना नेमकं आडवं येतं. 'सहा महिने थांबा, आपोआप जाईल' या भरवशावर राहू नका. आक्षेप घ्यायची मुदत चलनावर किंवा नोटिशीवर दिलेली असते, नियमही बदलत असतात, तेव्हा तुमच्या हातातल्या कागदावरची तारीख पाळा. आणि आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही बघा. कित्येकांच्या गाडीला शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, मेसेज तिकडे जातात आणि मालकाला दोन वर्षांनी कळतं.

आता तुमच्यापुरतं. दुसऱ्या चलनाची तक्रार आज रात्रीच टाका. पहिल्याच्या पैशांची आशा सोडा, पण माहिती अधिकाराचा अर्ज आणि उपायुक्तांना ईमेल जाऊ द्या. त्या पट्ट्याला आदेशच नाही असं निघालं तर रक्कम परत मागायला आधार मिळेल, आणि पाटी मोकळी झाली तर पुढच्या वऱ्हाडाची गाडी वाचेल. तुम्ही तिथे परत गेला होतात तेव्हा फोटो काढलेत की नुसतीच पाटी बघून आलात, ते लिहिलेलं नाही. काढले नसतील तर उद्या सकाळी उजेडात पुन्हा जा. पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं फांद्या छाटायला फिरतात, ती त्या झाडापाशी पोचायच्या आत.